ई-सिम, सांडपाणी आणि गुरुवारचे साडेसात

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.

सिमकार्डाचा ट्रे उघडायची टाचणी हरवली आहे. सहा वर्षं पाकिटात जपलेली वस्तू. या काळात लग्नातली अंगठी दोनदा हरवली, छत्र्या किती गेल्या त्याची गणती नाही. टाचणी अढळ होती. आणि ऐन परदेशगमनाच्या तोंडावर तिने साथ सोडावी, याला दैवदुर्विलास म्हणतात. घरात कोणालाही गांभीर्य नाही. बायको म्हणाली, सेफ्टी पिन घ्या. कन्या म्हणाली, बाबा, टाचणी लागतच नाही आता, ई-सिम घ्या.

ई-सिम म्हणजे हातात धरता न येणारं, खिशात ठेवता न येणारं, डोळ्यांना न दिसणारं सिम. निर्गुण, निराकार. आमच्या पूर्वजांनी ब्रह्माचं वर्णन असंच केलं होतं. फक्त त्याचं सात दिवसांचं पॅक विकायचं त्यांना सुचलं नाही.

परदेशात जायचंय ते जागतिक सांडपाणी परिषदेसाठी. चोवीस देशांचे तज्ज्ञ पाच दिवस एकत्र बसून मैल्याचा विचार करणार आणि मी त्याचं वार्तांकन करणार. माझा नाइलाज आहे. संपादकांचा शब्द मोडवत नाही.

अडचण एकच. तेरा तारखेला, गुरुवारी सकाळी अकराला, माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, स्मरणशक्तीची तपासणी आहे. वय चौऱ्याऐंशी. दोनदा रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं, एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. एवढ्यावर फॅमिली डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. मोठ्या डॉक्टरांना म्हणे घरच्या जवळच्या माणसाशीही बोलायचं असतं, त्यावर औषध ठरतं. ही अण्णांना घेऊन जाईल, मी व्हिडिओवर असेन. तिथे तेव्हा सकाळचे साडेसात. हिने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अंतर ही संकल्पनाच आता कालबाह्य झाली आहे.

संकल्प: ई-सिम आजच. रोज दोन वेळा घरी फोन. गुरुवारी पंधरा मिनिटं आधी तयार, दाढी करून.

७.४५. पैसे भरले. क्यूआर कोड इमेलवर आला. इमेल फोनवर. आणि कोड स्कॅन करायचा त्याच फोनच्या कॅमेऱ्याने. कितीही कसलेला डोंबारी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, हे जुन्या तार्किकांना ठाऊक होतं, फोन कंपन्यांना नाही. बाथरूमच्या आरशासमोर गेलो. आरशात कोड स्वच्छ दिसतो, पण कॅमेरा पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. पुढचा कॅमेरा चालू केला तर कोड गायब आणि स्क्रीनवर मी. अण्णा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, दाढी करतोयस तर साबण कुठाय? प्रश्न तर्कशुद्ध होता. यांची कसली तपासणी करायची?

८.१०. कन्येने कोड तिच्या लॅपटॉपवर उघडला. चार सेकंदांत काम. लगेच अ‍ॅक्टिव्हेट करायचं की नंतर, असं फोनने विचारलं. कन्या स्वयंपाकघरात होती. विचारायची गरज वाटली नाही. शुभस्य शीघ्रम्. आत्ताच.

५ नोव्हेंबर, बुधवार.

डॉक्टरांकडून एक फॉर्म आला. नातेवाइकांसाठी प्रश्नावली, दोन पानं, अठरा प्रश्न. रुग्ण तेच तेच विचारतो का, ओळखीच्या ठिकाणी गोंधळतो का, वगैरे. हिने आठ प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, तूच भर, दिवसभर तू घरात असतेस.

त्यावर ती म्हणाली, “मी सून आहे. माझ्यासमोर ते हेडमास्तर असतात, चुकत नाहीत. चुकले तर तुमच्यासमोर चुकतील. बोलायचं तुम्हीच.”

माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. एक किरकोळ प्रकार गेल्या महिन्यात झाला होता, पण तो विनोद होता. अण्णांचा विनोद पहिल्यापासून कोरडा. फॉर्म बॅगेत ठेवला आहे. विमानात वेळच वेळ असतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

कन्येचं म्हणणं, आपल्या नेहमीच्या नंबरावरही रोमिंग सुरू करून ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, आणि ते इथूनच सुरू करावं लागतं. मी तिला समजावलं की ई-सिम असताना रोमिंग घेणं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ती म्हणाली, बाबा, फोनमध्ये दोन तलवारींची सोय असते. उपमेचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो, हे या पिढीला शाळेत शिकवत नाहीत.

ऑफिसात पर्यावरण बघणारी मुलगी बोलत नाही माझ्याशी. यादीत आधी तिचं नाव होतं. पण सांडपाण्याला प्रगल्भता लागते. मी संपादकांना तीन वेळा भेटून ते पटवून दिलं. शेवटी ते म्हणाले, शास्त्रीबुवा, तुम्ही एवढे हटून बसलाच आहात तर जा बाबा.

कर्तव्य हे कर्तव्य असतं.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.

पोचलो. विमान थांबताच फोनच्या डोक्यावर परदेशी कंपनीचं नाव झळकलं. निर्गुण सगुण झालं. शेजारी आमचा फोटोग्राफर. त्याने निघण्यापूर्वी ऑफिसच्या कॅंटीनमध्ये बसून एक बटण दाबलं होतं आणि आपल्या जुन्याच नंबरावर दहा दिवसांचं रोमिंग घेतलं होतं. त्याचाही फोन चालू झाला, माझ्या जरा आधी. पण त्यात पुरुषार्थ काय?

हॉटेलची खोली लहान, पडदे जाड, टेबलाचा एक पाय आखूड. घरी व्हिडिओ लावला. अण्णांनी पडदे पाहून विचारलं, नाटक किती वाजता आहे? मग नेहमीची चौकशी: जेवलास का, पाणी उकळलेलं आहे का. सगळं जागच्या जागी. हिने गुरुवारची आठवण केली. मी म्हटलं, विसरणारा मी नव्हे. वाक्य चुकीच्या घरात पडलं.

फॉर्म विमानात भरायचा राहिला. पुढच्या सीटवालीने पाठ मागे टाकली होती.

१० नोव्हेंबर, सोमवार.

उद्घाटन. सहा भाषणं. प्रत्येकाने ‘सांडपाणी हे संकट नसून संधी आहे’ असं सांगितलं. फोटोग्राफर कानात म्हणाला, तर मग ही संधी यांच्या हॉटेलात सोडायला हवी.

संध्याकाळी ५. घरी फोन लावायला बसलो. नेट गेलं. खिडकीशी गेलो. खुर्चीवर चढलो. फोन बंद करून सुरू केला. काही नाही.

५.२०. मेसेज सापडला. पॅकची मुदत संपली. सात दिवस, आणि ते मोजायचे अ‍ॅक्टिव्हेट केल्या क्षणापासून. म्हणजे पाच दिवस माझं परदेशी सिम माझ्याच घरात सोफ्यावर लोळत होतं आणि घरचं फुकट वायफाय वापरत होतं. अट अगदी बारीक अक्षरांत लिहिलेली. ती वाचली नाही, हा माझा दोष नाही. माझा चष्मा तेव्हा दुसऱ्या खोलीत होता.

५.३०. यंत्रांचा सनातन नियम: काढा आणि पुन्हा घाला. ई-सिम डिलीट केलं. खरंच करू का, असं फोनने दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं. मग लॉबीत जाऊन रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर इमेल उघडला, कोड पुन्हा स्कॅन केला. ‘हा कोड वापरला गेला आहे.’ एका देहाला एकच जन्म.

रिसेप्शनवरची बाई सहानुभूतीने हसली. असं हसणं मला आवडत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

वायफाय फक्त लॉबीत, तेही झाडाच्या कुंडीजवळच्या एका खुर्चीत. सकाळी साडेसहापासून खुर्ची अडवून बसलो. नवीन ई-सिम घ्यायला निघालो. बँक म्हणाली, ओटीपी पाठवलाय. कुठे? माझ्या घरच्या नंबरावर. त्या नंबराला रोमिंग नाही. रोमिंग घ्यायचं तर त्याच नंबरावरून मेसेज करा. मेसेज जायचा तर रोमिंग हवं.

याला न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय म्हणतात. साध्या मराठीत, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. शास्त्राचा असा जिवंत दाखला मिळाल्याने क्षणभर बरंही वाटलं. मग नाही वाटलं.

कंपनीच्या मदतकक्षाशी चॅट केली. पलीकडे यंत्र होतं हे कळायला पंचवीस मिनिटं लागली. त्याने माझं म्हणणं समजल्याचं चार वेळा सांगितलं आणि शेवटी सेवेला किती तारे देणार, असं विचारलं. मी आकाशाकडे पाहिलं. ढगाळ होतं.

फोटोग्राफर म्हणाला, “शास्त्रीबुवा, माझा हॉटस्पॉट घ्या की. गुरुवारीपण घ्या. मी काय, आंघोळ करत असेन तेव्हा.” पोरगा चांगला आहे, पण परावलंबन वाईट. मी नम्रपणे नाकारलं.

दुपारी बातमी पाठवायला दहा मिनिटं घेतला. बातमी माझी एकट्याची नसते, वाचकांची असते. संध्याकाळी परिषदेच्या ठरावासाठी आणखी वीस मिनिटं. नंतर क्रिकेटचा स्कोअर. तो जनहित.

त्याच्याच फोनवरून घरी बोललो. हिला अन्योन्याश्रय सविस्तर समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “गुरुवारी दिसणार का, तेवढं सांगा.”

मी म्हटलं, परिस्थिती कठीण आहे, प्रयत्न चालू आहेत. अशी वाक्यं मी आजवर मंत्र्यांच्या तोंडी छापत आलो. आज कळलं, ती किती चटकन सुचतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

कन्येने तिच्या कार्डावर माझ्यासाठी नवीन ई-सिम घेतलं. तिने कोड फोटोग्राफरच्या फोनवर पाठवला, त्याने फोन धरला, मी स्कॅन केला. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यावं तसं. पूर्ण वीस सेकंद लागले. कन्येने खाली लिहिलं होतं: बाबा, मुदत दहा दिवस. काही डिलीट करू नका. कशालाही हो म्हणू नका.

आता कसलीच अडचण नाही.

घशात थोडं खवखवतंय. उद्या सकाळी आठला सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला जायची बस आहे. आयोजकांना विचारलं, बस सव्वासातला नाही ना निघणार? ते म्हणाले, आठ म्हणजे आठ. बस चुकण्याची भीती असणाऱ्यांसाठी लवकरची एखादी बस? नाही म्हणाले. रिसेप्शनवर विचारलं, सकाळी परदेशी नेटवर्कला काही त्रास होतो का या भागात. बाई म्हणाली, अकरा वर्षांत एकदाही नाही. इतकी खात्री माणसाने बाळगू नये.

संध्याकाळी कन्येबरोबर चाचणी केली. चित्र इतकं स्वच्छ की माझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय, हे तिला तिथून दिसलं. तिने विचारलं, बाबा, डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरवलंय ना? मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नाही, किती वेळा सांगू. ती म्हणाली, बाबा, मी पहिल्यांदाच विचारलंय.

फॉर्म काढला. अठरापैकी दहा प्रश्न कोरे. नवव्यापाशी पेन थांबलं. पेनातली शाई संपत आली असावी. उद्या तोंडीच सांगेन.

गजर: ६.१५. दुसरा: ६.२५.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

६.१५. उठलो. दाढी.

७.००. बटण असलेला शर्ट. फोन ग्लासाला टेकवून उभा केला. उजेड चांगला. मागे पडदे.

७.१२. नेटवर्क पूर्ण.

७.२०. नेटवर्क अजूनही पूर्ण.

७.२५. हिचा मेसेज: आत बोलावलंय. अण्णांनी नवा सदरा घातलाय. लावते आता.

७.२६. तांत्रिक बिघाड. ‘डेटा रोमिंग’ आपोआप बंद झालं.

७.४०. बिघाड चालूच.

७.४५. फोटोग्राफरने दार वाजवलं. हॉटस्पॉट हवा का विचारायला आला असणार. मी बाथरूमचा नळ सोडला, म्हणजे आत आहे हे कळावं. तो दोन मिनिटं उभा राहिला. चांगला पोरगा आहे.

८.००. बस.

दुपारी. शुद्धीकरण केंद्र भव्य आहे. एका बाजूने काळं पाणी येतं, अकरा टाक्यांतून फिरतं, दुसऱ्या बाजूने नितळ बाहेर पडतं. तिथल्या इंजिनियरबाई आमच्यासमोर त्यातला एक ग्लास प्यायल्या आणि दुसरा त्यांनी मला दिला. मी घशाचं कारण सांगितलं.

संध्याकाळी ६. कंपनीला तक्रार लिहायला घेतली. ऐन महत्त्वाच्या क्षणी सेवा खंडित, कौटुंबिक हानी, मनस्ताप. दोन परिच्छेद. दुसरा फार चांगला उतरला आहे, त्यात एक समासही आहे. पाठवायची उद्या. घरी फोन उद्याच. सगळे दमले असतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळी बिघाड आपोआप दूर झाला होता. हिचाच फोन आला, व्हिडिओ. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मी बिघाडाचं सांगायला सुरुवात केली. तिने ऐकूनच घेतलं नाही, कारण ती खुशीत होती. कित्येक आठवड्यांनी तिचा आवाज असा हलका ऐकला.

अण्णांनी परीक्षेत बाजी मारली. वार, तारीख, महिना बरोबर. शंभरातून सात-सात वजा करत खाली आले ते डॉक्टरांच्या पुढे. घड्याळाचं चित्र काढा म्हटलं तर काढलं, आणि डॉक्टरांच्या भिंतीवरचं चार मिनिटं मागे आहे, हेही सांगितलं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, त्यातले चार सांगितले. पाचवा शब्द मुळात निरर्थक निवडला आहे, असं मत दिलं. मुलगा कुठे असतो, या प्रश्नाला म्हणाले, परदेशी गेलाय, मैला बघायला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. औषध नको. नातेवाइकांकडून काही वेगळं कळलं असतं तर विचार केला असता, पण तसं काही दिसत नाही. सहा महिन्यांनी या.

माझी त्यांनी पाच-सात मिनिटं वाट पाहिली होती. ही सारखी फोन लावत होती. तेव्हा अण्णा डॉक्टरांना म्हणाले, “थांबू नका. हा रिझल्टच्या दिवशी घरी नसतो. दहावीला सकाळी सायकल घेऊन गेला तो दिवे लागल्यावर आला. पास झाला होता, मी केव्हाच बघून आलो होतो.”

सगळे हसले म्हणे. हीसुद्धा सांगताना हसत होती. मग अण्णा स्क्रीनवर आले, कसा आहेस, पाणी उकळलेलं आहे का, परत कधी. मी म्हटलं, परवा. त्यांनी मान हलवली.

दहावीचं खरं आहे. मी तळ्यावर जाऊन बसलो होतो.

फोन झाल्यावर कंपनीची तक्रार उघडली आणि पुसून टाकली. डेटा रोमिंग आपोआप बंद होत नाही. ते मी बंद केलं, सात सव्वीसला, अंगठ्याने. आणि या परिषदेला मला कोणी पाठवलं नाही. मी मागून घेतलं, तपासणीची तारीख कळल्यावर दुसऱ्या दिवशी.

नववा प्रश्न असा आहे: रुग्ण घरच्या माणसांना ओळखण्यात कधी चुकला आहे का?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी ऑफिसातून लवकर आलो. किल्ली विसरलो होतो, बेल वाजवली. ही बाजारात, कन्या क्लासला. दार अण्णांनी उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, आपण कोण? मी हसलो. त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली, पाण्याचं तांब्याभांडं आणून ठेवलं. म्हणाले, “बसा. मुलगा येईलच इतक्यात, त्याच्याकडे काम असेल ना?”

मी हो म्हटलं. दहा मिनिटं बसलो. ते माझ्याशी माझ्याबद्दल बोलत होते. फार कौतुकाने बोलत होते. माझ्या तोंडावर असं कधी बोलले नाहीत. मग ही आली, आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, अरे, तू कधी आलास?

हिला मी काही सांगितलं नाही. कन्येला नाही. डॉक्टरांना काल सांगायचं होतं. हे फक्त मी पाहिलंय, आणि आता घरात सगळे निश्चिंत आहेत. मी सांगितलं नाही तर औषध सुरू होणार नाही. सांगितलं तर ते खरं होईल.

तो विनोद नव्हता. अण्णांनी मला ओळखलं नव्हतं. परवा मी घरी पोचेन, आणि मला घरी जायची भीती वाटते.